तेरावी फासळी

मुंबईच्या डॉक्टरांनी माझी एक फासळी काढून घेतली आहे, असं माझ्या सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. सासऱ्यांचं नाव रायभान. त्यांनी एकदा काही ठरवलं, की ते बदलायला प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी त्याला अंगणात बसवून, चहा पाजून परत लावून देतील, अशी त्यांची ख्याती. चार वर्षं हा माणूस माझ्या श्वासावर पाळत ठेवून होता. मी आडावरून घागर घेऊन आले, की बाजेवर बसल्या बसल्या मान जराशी कलती करायचे आणि मला धाप लागते का ते ऐकायचे. मला धाप लागत नव्हती. नेमकं तेच त्यांना खटकायचं.

आमची वाडी बोरीपासून कोसभर आत. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं, यावर घर चालायचं. मी लग्न होऊन आले ती सातवी शिकून, त्यामुळे वाडीत मला 'शाळेवाली बायना' म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त असायचा. पहिल्या बाळंतपणानंतर माझा दम उखडला. चूल फुंकली तरी छाती भरून यायची, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. माझा भाऊ सिताराम मुंबईला एका छापखान्यात कामाला होता. तो भेटायला आला, माझी दशा बघून घाबरला आणि माझ्या नवऱ्याला, भुजंगला, म्हणाला, "दाजी, हिला आजच न्यायचं. कुणाला इचारत बसू नका." सासरे तेव्हा मेंढरं घेऊन जिंतूरच्या डोंगराकडे गेले होते. त्यांना न विचारता आम्ही गेलो, हा आमचा पहिला गुन्हा.

तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात सांगितलं, की काळजातली एक झडप चिकटून बसली आहे, ती मोकळी करावी लागेल. लहानपणी माझे सांधे सुजायचे, ताप यायचा. त्यातूनच हे झालेलं. भुजंगनं कागदावर सही केली, त्यांनी मला गुंगी दिली आणि झडप मोकळी केली. उठले तेव्हा डाव्या छातीखालून निघून काखेखाली वळसा घेत पार पाठीपर्यंत गेलेला चिरा होता. दुखणं इतकं, की शिंक आली तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण घरी परतले आणि पुढच्या उन्हाळ्यात मेंढरांमागे टेकडी चढायला लागले. बाई मरायला टेकली होती आणि आता घागरी आणते, याचा घरात आनंद व्हायला हवा होता. झाला तो संशय.

सासऱ्यांचा हिशेब साधा होता. आमच्याकडे सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची रीत नाही. मला ऐकवायचं असेल ते सासूबाईंना सांगायचे, त्या नसल्या तर बकरीला. एका सकाळी ते बकरीला म्हणाले, "काळीज म्होरं असतं अन चिरा पाठीला. घराचं दार म्होरं असताना मागच्या भितीला भोक कोण पाडतं? चोर."

बकरीनं काही उत्तर दिलं नाही. मी आतून दिलं, पण चुलीकडे तोंड करून, म्हणजे रीत मोडली नाही.

मग एक दिवस सासूबाई, म्हाळसाबाई, माझ्या पाठीला तेल चोळायला बसल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. मला वाटलं, माया आली. मी डोळे मिटून बसले. जरा वेळानं लक्षात आलं, की त्यांची बोटं चोळत नाहीत, थांबत थांबत खाली सरकताहेत. मान वळवून बघते तर ओठ हलताहेत. काखेपासून पार कमरेपर्यंत बोटं गेली आणि आत्याबाईंनी दाराकडे तोंड करून बाहेर हाक दिली, "बारा."

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "मेंढराला तेरा असत्यात."

आता हसावं की रडावं? हे खरंच होतं, की त्यांच्याइतकी मेंढराची पारख आमच्या भागात कुणाला नव्हती. अंधारात मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला तरी ती कोणाच्या कळपातली, गाभण आहे का, पोटाला भरली आहे का, सगळं सांगायचे. जत्रेला मेंढरू कापलं की वाटे घालायला त्यांनाच बोलवत. एका बाजूला तेरा फासळ्या, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. माणूसही हाडामांसाचाच, मग त्याला एक कमी का असेल?

"आत्याबाई, माणसाला बाराच असत्यात. शाळेच्या पुस्तकात होतं," मी म्हणाले.

"पुस्तक कुणी लिवलं?" बाहेरून प्रश्न आला. "डॉक्टरनंच का न्हाई?"

"मग उजवीकडच्या मोजा. तिकडं कुठं चिरा हाय?"

आत्याबाईंनी उजवीकडच्या मोजल्या. त्याही बारा भरल्या. मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात सासरे शांतपणे म्हणाले, "दोन्हीकडून एकेक काढली. एकदा हात आत गेल्यावर डावं काय अन उजवं काय."

अशा माणसाशी वाद घालायचा तरी कसा? त्यात तेल ओतायला बोरीचा बन्सीधर होता. त्याचं किराणा दुकान. दोन दिवसांचा शिळा पेपर तो गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचा आणि पेपरात नसेल ते पदरचं घालायचा. मुंबईत गरिबांची मूत्रपिंडं काढून घेतात, हे पेपरात होतं. माणसाच्या हाडाची भुकटी परदेशात औषधाला जाते, हे बन्सीधरचं. सिताराम दिवाळीला नवा ट्रान्झिस्टर घेऊन आला, तेव्हा सासऱ्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, कानाला लावला आणि एवढंच विचारलं, "हा कशाचा आला म्हनायचा?" सिताराम बिचारा ब्याटरीच्या सेलांविषयी सांगत बसला. त्याला कळलंच नाही, की त्याच्यावर बहिणीची हाडं विकल्याचा आळ आला आहे. मला कळलं, आणि त्या दिवशी मी रागानं जेवले नाही.

तरी इथवर सगळं चेष्टेवारी नेता येत होतं. मग बानूला धाप लागायला लागली.

बानू माझी धाकटी नणंद. पंधरा वर्षांची, शेंडेफळ, सासऱ्यांचा जीव की प्राण. लहानपणी तिचेही गुडघे सुजायचे आणि आत्याबाई बिब्बा घालायच्या. आता मेंढरं वळवताना ती मध्येच खाली बसायला लागली. मग आडवं पडणं बंद झालं. लोकरीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची. एक दिवस खोकली आणि पदरात बघून पदर पटकन मुठीत लपवला. मी मूठ उघडली. लाल ठिपका होता. तिचं दुखणं मला कुणी सांगायची गरज नव्हती. या वाटेवरून मी स्वतः गेले होते आणि ही वाट पुढे कुठे जाते हेही मला ठाऊक होतं. कापलं नाही तर बानू जगणार नव्हती.

त्याच महिन्यात कळलं, की मुंबईचे हृदयाचे डॉक्टर परभणीला एका शाळेत शिबिर घेणार आहेत. रोगी तपासतील, ज्यांना ऑपरेशन लागेल त्यांना मुंबईला नेऊन फुकट करतील. फक्त बापाची संमती पाहिजे. भुजंगनं ही बातमी आणली आणि बापाच्या पुढ्यात ठेवली. सासरे घोंगडीचा काठ शिवत होते. हात थांबला.

"शिबिर," ते म्हणाले.

त्या शब्दाचं त्यांना काय व्हायचं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आणीबाणीच्या काळात त्यांना असंच एका शिबिराला नेलं होतं. डोळे तपासून देतो म्हणून ट्रकमध्ये बसवलं. दोन दिवसांनी परत आले ते पाय फाकवत, कुणाशी न बोलता. डोळे कुणी बघितलेच नव्हते. बानूच्या पाठीवर त्यांना अजून एक मुलगा हवा होता, तो विषय तिथंच संपला. त्यानंतर ते कुठल्याच डॉक्टरच्या दारात गेले नाहीत. साप चावला तेव्हासुद्धा नाही.

"बायनाची फासळी गेली, माझं काय गेलं ते तुमाला ठाव हाय," ते भुजंगला म्हणाले. "आता पोरगी देऊ का त्यांना?"

"आबा, पोरगी मरायलीय," भुजंग म्हणाला.

"माझ्या म्होरं मरंल. माझ्या हातात तरी राहील."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मला त्यांच्याविषयी वेगळाच संशय आला: पोरीची जात, उद्या लोकाच्या घरी जायची, तिच्यासाठी कोण मुंबईचे खेटे घालणार, म्हणून हा म्हातारा फासळ्यांची ढाल पुढे करतोय. मी पदर पुढे ओढून उंबऱ्यात आले आणि आत्याबाईंकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, मेंढी अडली तर मामा कोपरापर्यंत हात घालून कोकरू फिरवत्यात. तिथं जीव वाचवायचा असतो. अन लेकीसाठी डॉक्टरनं हात घातला की चोर. लेकीची किंमत मेंढीपरीस कमी हाय का, इचारा त्यांना."

भुजंगचा चेहरा उतरला. सासरे माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांची मान लाल झाली होती. मला वाटलं, आता उठतील आणि मला माहेरी हाकलतील. ते उठलेच नाहीत. घोंगडी बाजूला ठेवून म्हणाले, "भुजंग, सदरा काढ."

नवऱ्यानं सदरा काढला. सासऱ्यांनी त्याला समोर बसवून त्याच्या बरगडीवरून हात फिरवला. मेंढराची पारख करणारी ती बोटं, चुकणार नाहीत. बारा. त्यांनी मान हलवली. "तू बी मुंबईला गेलतास. हिच्याजवळ दवाखान्यात झोपायचास."

"आबा, मला चिरा कुठं हाय?"

"ते मला काय ठाव."

मग त्यांनी स्वतःचा सदरा वर केला आणि स्वतःच्या मोजायला लागले. खालच्या टोकापासून वर, एकेक दाबून. आम्ही बघत होतो. बारावर बोट थांबलं, पुढे हाड नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. "मायला," ते हळूच म्हणाले, "त्या ट्रकवाल्यांनी ह्ये बी नेलं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दहा वर्षांपूर्वीच्या त्या दोन दिवसांत आपल्या अंगातून आणखी काय काय गेलं असेल, हे तो माणूस इतकी वर्षं मनातल्या मनात चाचपत बसला होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. वाईट वाटलं.

"आत्याबाईंच्या मोजा," मी म्हणाले. या वेळी आवाज खाली होता. "त्या कुठल्याच दवाखान्यात गेल्या न्हाईत. सगळी लेकरं घरातच झाली."

आत्याबाई लाजून आत पळायला लागल्या, तर सासऱ्यांनी त्यांना हात धरून बसवलं. भुजंगनं तोंड फिरवलं. लुगड्यावरूनच त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. बाराच. मग उठून वाघुरातलं, मेंढरांच्या जाळीतलं, एक कोकरू उचलून आणलं, मांडीवर घेतलं आणि त्याच्याही मोजल्या. तेरा. कोकरू सोडून दिलं. ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू हातानंच फसवलं होतं.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "जाऊ शिबिराला. पर मी डॉक्टरला तोंडावर इचारनार."

"काय?"

"हिची काढली का न्हाई."

फासळ्यांचा हिशेब मोडला तरी संशय जागच्या जागी होता. आता मला वेगळीच धास्ती. हा माणूस डॉक्टरला चोर म्हणणार, डॉक्टर चिडणार आणि बानूचं नाव यादीतून कापणार. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे आणि बंद सारखे चालू असायचे, एस.टी. मिळेल की नाही याचीही खात्री नव्हती. गाडी मिळाली. वाटेत झरी गाव येईपर्यंत मी आत्याबाईंच्या कानात एकच सांगत होते, की मामांना म्हणावं, अंगठा द्या आणि गप बसा. आत्याबाई एकदाच म्हणाल्या, "मी सांगून ऐकलं असतं तर हे केस पिकले असते का?" बानू खिडकीला डोकं टेकून, तोंडानं श्वास घेत बसली होती.

शाळेच्या एका वर्गात तपासणी चालू होती. फळ्यावर कुणीतरी आदल्या दिवशीची गणितं तशीच ठेवली होती. डॉक्टरांचं नाव किणीकर. चाळिशीचे, बारीक, आवाज मऊ. त्यांनी बानूच्या छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकलं, तिला कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं, यंत्रावर कागद काढला आणि सांगितलं, "झडप फारच अरुंद झाली आहे. उशीर करून चालणार नाही. पुढच्या गाडीनं आमच्याबरोबर न्यावं लागेल." मदतनिसानं कागद आणि शाईची डबी पुढे सरकवली.

सासऱ्यांनी अंगठा मुठीत धरला. "आदी हिचं बगा," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता माझ्या दिशेनं हनुवटी उडवली. "हिला तुमच्या मुंबईतच कापलंय. चार सालामागं. हिची फासळी काढली का न्हाई, त्येवढं सांगा."

मी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. त्यांनी मला वर्गाच्या कोपऱ्यातल्या पडद्याआड बोलावलं. आत्याबाई सोबत आल्या. सासरे पडद्याच्या पलीकडे, बानू त्यांना टेकून. मी चोळीची गाठ सोडून पाठ फिरवून बसले. डॉक्टरांनी चिऱ्यावरून बोट फिरवलं. छातीखाली, काखेखाली, मग मागे, पाठीच्या कण्याजवळ. तिथं बोट थांबलं. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं.

मी मनात म्हणत होते, आता सांगा त्या म्हाताऱ्याला, की माणसाला बाराच असतात. आता सांगा.

"पाचव्या फासळीचा तुकडा काढला आहे इथं," डॉक्टर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

डॉक्टर पडद्याच्या बाहेर गेले आणि सासऱ्यांशी बोलायला लागले. मी तशीच बसून ऐकत राहिले. ते म्हणाले, काळजाकडे जायचं तर दोन फासळ्यांच्या मधून जावं लागतं. त्या यंत्रानं फाकवायच्या, हात जाईल इतक्या. फाकवताना फासळी मोडू नये म्हणून मागच्या बाजूला बोटभर तुकडा कापून काढायचा. मग काळजाच्या कानासारख्या कप्प्यातून बोट आत घालायचं आणि चिकटलेली झडप बोटानंच मोकळी करायची. वाट बाजूनंच चांगली, म्हणून चिरा पाठीपर्यंत. "तेव्हा आम्ही बहुतेकांचं असंच करायचो. मीही त्या वेळी मुंबईतच शिकत होतो. जागा होते, जीव वाचतो. त्या तुकड्यावाचून काही अडत नाही."

"तुकड्याचं काय केलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"टाकून दिला असेल."

"टाकला?"

"हो."

"विकला न्हाई?"

"नाही हो. त्याला कोण घेणार?"

चार वर्षं सासऱ्यांनी माझ्या हाडाची भुकटी करून परदेशात पाठवली होती, सितारामच्या ट्रान्झिस्टरमध्ये कोंबली होती. आणि ते कचऱ्यात गेलं होतं. विकलं असतं तर निदान कुणीतरी ते हातात धरून बघितलं असतं, असं काहीतरी वेडगळ माझ्या मनात येऊन गेलं आणि मला डॉक्टरांचा, भुजंगचा, माझ्या शाळेच्या पुस्तकाचा, सगळ्यांचा एकदम राग आला.

"हिला सांगितलं होतं का?" सासऱ्यांचा आवाज आला.

डॉक्टरांनी पडद्याकडे तोंड करून मला विचारलं, "तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं?"

"न्हाई," मी म्हणाले. "झडप मोकळी करनार म्हनले. फासळीचं कुणी बोललं न्हाई."

मग सासरे बोलले. ते बकरीशी बोलत नव्हते, बायकोशी नाही, भुजंगशी नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली.

"बायना, मला वाटलं तुला ठाव हाय. तू त्यांना मिळालेली हायीस अन आमच्यापून लपवायलीस. म्हनून मी तुझ्याकडं बगत होतो."

मला वाटत होतं, हा म्हातारा माझा दम मोजतो. तो माझा खोटेपणा मोजत होता. आणि मी चार वर्षं त्याला वेड्यात काढत होते.

"आता अंगठा द्या आबा," भुजंग घाईनं म्हणाला. त्याला भीती वाटत होती, की आता सगळं फिसकटतं. मलाही वाटत होती. ज्या गोष्टीसाठी हा माणूस अडून बसला होता, ती खरी निघाली होती. आता तो पोरीला घेऊन उठला असता तर त्याला अडवायला माझ्याकडे एक शब्द शिल्लक नव्हता.

"माझ्या अंगठ्याचं मागून," सासरे म्हणाले. "डॉक्टर, आदी हिला सांगा. बानू, उठ. म्होरं ये. हिच्या तोंडावर सांगा, कुठून कापनार, कुठवर कापनार, काय काढनार, काय ठिवनार."

"ती लहान आहे. तुम्ही बाप आहात, तुमची संमती—"

"फासळी माझी हाय का?"

पडद्याच्या फटीतून मला दिसलं. बानू डॉक्टरांसमोर उभी होती, एका हातानं बाक धरून. डॉक्टर जरा वाकून तिच्या उंचीला आले. त्यांनी स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवलं, इथून इथपर्यंत. सांगितलं, की तिचं अंग कोवळं आहे, बहुतेक फासळी कापावी लागणार नाही. पण आत गेल्यावर जागा पुरली नाही तर कापावी लागेल. खूप दुखेल. आणि शंभरात दोन-चार माणसं यातून उठत नाहीत, हेही सांगितलं. हे तर मलाही कुणी सांगितलं नव्हतं. बानू ऐकत होती. तिच्या गळ्यातली शीर उडत होती.

"कापली तर मला सांगताल?" तिनं विचारलं.

"शुद्धीवर आलीस की सगळ्यात आधी तुला सांगीन."

"मग कापा," बानू म्हणाली.

सासऱ्यांनी मूठ उघडली, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. इतका जोरात दाबला, की मदतनीस म्हणाला, बास, उठला. डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले.

मी अजून पडद्याआडच होते. चोळीची गाठ बांधायची राहिली होती. मी हात मागे नेला, पण तुकडा काढलेल्या खड्ड्यापर्यंत तो पोचेना. वरून नेला, खालून नेला. चार वर्षं तो खड्डा माझ्या पाठीत होता आणि माझा हात तिथं कधी गेलाच नव्हता.

"आत्याबाई," मी म्हणाले, "कुठंय दाखवा की."

त्यांनी माझं बोट धरून न्यायचा प्रयत्न केला, ते जाईना. मग त्यांनी स्वतःचं बोट तिथं ठेवलं. मला रडू फुटलं. बाहेर सासरे बानूला सांगत होते, की वैनीला येऊ दे, मग निघू.